बेसबॉल गेममध्ये बॅट फिरते, पण बॉल लागतच नाही? गडबड बोटांत नसते, डोळ्यांत असते

कंट्रोलर हातात घेतला, समोर पिचर उभा राहिला, त्यानं हात फिरवला, तुम्ही बटण दाबलं. स्ट्राइक. परत बटण. परत स्ट्राइक. तिसऱ्यांदा तर बॉल जमिनीला टेकायला आला होता, तरी बॅट फिरली. खेळ खल्लास, पुढचा बॅटर.

बेसबॉलचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाची सुरुवात अशीच होते. त्यात लहानपणापासून गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस असेल तर त्याला जास्तच राग येतो. बॅट आहे, बॉल आहे, मग अडतंय कुठं? चार दिवसांनी एक तर तो गेम बंद करतो, नाही तर पैसे भरून भारीतले खेळाडू विकत घेतो. पण भारीतला खेळाडूही तसाच तीन स्ट्राइकमध्ये परत जातो.

या प्रकाराचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'एमएलबी द शो'. सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओची ही गेम मालिका 2006 पासून सुरू आहे. बरीच वर्षं ती फक्त प्लेस्टेशनवर होती. 2021 मध्ये ती एक्सबॉक्सवर आली आणि 2022 मध्ये निन्टेन्डो स्विचवर. हिच्यातली बॅटिंग खऱ्या बेसबॉलच्या फार जवळ जाते, म्हणून ती शिकायला अवघड आहे आणि म्हणूनच ती शिकता येते.

मुळात वेळ किती मिळतो?

पिचर उभा असतो त्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर आहे 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. पण पिचर एक मोठं पाऊल पुढे टाकून बॉल सोडतो. त्यामुळे बॉलला खऱ्या अर्थानं साधारण 55 फूटच कापायचे असतात.

ताशी 95 मैलांचा फास्टबॉल हे अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. डोळ्याची पापणी मिटून उघडायला लागतो तेवढाच हा वेळ. त्यात बॉल कुठे येतोय हे पाहायचं, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि बॅट फिरवायची.

आता त्याच पिचरनं त्याच हातानं, त्याच पद्धतीनं ताशी 85 मैलांचा चेंजअप टाकला, तर बॉल पोहोचायला साधारण 0.44 सेकंद लागतात. फरक फक्त 0.04 ते 0.05 सेकंदांचा. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये हा फरक जेमतेम तीन चित्रांचा होतो. तेवढ्यावर होम रन आणि फाउल यांच्यातला फैसला ठरतो.

क्रिकेटची सवय कुठे आड येते?

क्रिकेटमध्ये बॉल बहुतेक वेळा टप्पा पडून येतो. बॅट सपाट असते, मैदान चारी बाजूंनी मोकळं असतं. मागे कट मारा, लेग ग्लान्स करा, रन मिळतात. आणि मुख्य म्हणजे यॉर्कर असो की बाऊन्सर, विकेट वाचवायची असल्यामुळे बॅट मध्ये घालण्याची सवय लागते.

बेसबॉलमध्ये बॉल हवेतूनच येतो, बॅट गोल असते आणि समोरच्या 90 अंशांच्या कोनातच बॉल गेला पाहिजे. बॅटरच्या मागे स्टम्प नसतात. त्यामुळे स्ट्राइक झोनच्या बाहेरचा बॉल सोडून दिला तर नुकसान काहीच नाही. उलट असे चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो.

म्हणजे बॅटिंग सुधारायची पहिली पायरी बॉल मारण्याची नाही, बॉल सोडण्याची आहे. क्रिकेटमध्ये ऑफ स्टम्पच्या बाहेरचा बॉल सोडणारा कसोटीचा ओपनर आठवा. बेसबॉलच्या बॅटरला तसं वागावं लागतं, फरक इतकाच की त्याच्याकडे वेळ आणि बॉल दोन्ही कमी असतात.

आधी टीव्ही बघा, मग स्वतःला दोष द्या

बऱ्याच जणांचं टायमिंग बिघडतं ते टीव्हीमुळे. आजचे टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर आतल्या आत प्रक्रिया करतात. त्यात 50 मिलीसेकंद किंवा त्याहून जास्त वेळही जाऊ शकतो. फास्टबॉल आणि चेंजअपमधला फरक जेवढा, तेवढाच हा उशीर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू केला की हा उशीर बराच कमी होतो. यासाठी पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. सुरुवातीला दिसणारा लांबचा कॅमेरा टीव्हीवरच्या मॅचसारखा छान वाटतो, पण त्यात बॉल लहान दिसतो. सेटिंगमध्ये 'स्ट्राइक झोन' नावाचा कॅमेरा निवडला की नजर खाली, बॅटरच्या जवळ येते. बॉल मोठा दिसतो आणि तो वर येतोय की खाली पडतोय हे लवकर कळतं.

पीसीआय म्हणजे नेमकं काय?

द शोमध्ये बॅटिंगच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. 'डायरेक्शनल' पद्धतीत मुख्यतः टायमिंग साधायचं असतं, बाकीचं गेम बघून घेतो. शिकायला ही सोपी, पण तुमच्या हातात फार काही राहत नाही.

'झोन' पद्धतीत डाव्या स्टिकनं एक खूण हलवावी लागते. तिला पीसीआय म्हणतात. सोप्या भाषेत, बॅटचा जाड भाग कुठे जाणार हे सांगणारी ती खूण. बॉल येईल तिथे ती खूण नेणं आणि योग्य वेळी बटण दाबणं, ही दोन कामं एकाच वेळी करायची. अवघड आहे, पण खरी सुधारणा याच पद्धतीत दिसते.

ही खूण किती मोठी असेल हे बॅटरच्या गुणांवर आणि खेळाच्या काठिण्य पातळीवर ठरतं. शिवाय कोणता स्विंग निवडला यावरही ठरतं. प्लेस्टेशनवर क्रॉस बटण म्हणजे नॉर्मल स्विंग, सर्कल म्हणजे कॉन्टॅक्ट आणि स्क्वेअर म्हणजे पॉवर. कॉन्टॅक्ट स्विंगमध्ये खूण मोठी होते, पण फटक्यात जोर कमी. पॉवर स्विंगमध्ये जोर जास्त, पण खूण बारीक.

नवा खेळाडू प्रत्येक बॉलला पॉवर स्विंग मारतो, कारण त्याला होम रन हवा असतो. पण नॉर्मल स्विंगनंही होम रन जातो. टायमिंग आणि खूण जुळली की झालं. शिकताना पहिले काही दिवस पॉवरचं बटण विसरलेलंच बरं.

इथं दोन नेहमीच्या चुका होतात. पहिली, स्टिक टोकापर्यंत ढकलणं. खूण आधीपासून मध्यभागी असते, त्यामुळे बहुतेक वेळा हलकासा धक्का पुरतो. दुसरी, नजर खुणेवर ठेवणं. नजर पिचरच्या हातावर, बॉल सुटतो त्या जागेवर हवी. कॅरम खेळताना आपण स्ट्रायकरकडे नाही, सोंगटीकडे बघतो, तसंच हे आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून सोडलं तर गेमला वाटतं की स्विंग अर्ध्यात थांबवायचा आहे. बॅट अर्धवट फिरते आणि स्ट्राइक जातो. मारायचं ठरलं की बटण नीट दाबून धरायचं.

77 बॉलचा हिशेब

बॉल सोडायचा म्हणजे कोणता सोडायचा? याचं उत्तर गेमच्या कितीतरी आधी एका खऱ्या खेळाडूनं दिलं होतं.

बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स. 1941 च्या हंगामात त्याची सरासरी होती .406, म्हणजे दर हजार प्रयत्नांमागे 406 हिट. निवृत्तीनंतर त्यानं 'द सायन्स ऑफ हिटिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं स्ट्राइक झोन 77 बॉलनी भरून दाखवला, आडवे 7 आणि उभे 11. प्रत्येक जागेवरचा बॉल मारला तर आपली सरासरी किती राहील, हे त्यानं लिहिलं. आवडत्या मधल्या जागी .400. बाहेरच्या बाजूला अगदी खालच्या कोपऱ्यात .230.

विचार करा, इतिहासातल्या उत्तम बॅटरपैकी एक सांगतोय की तो बॉल स्ट्राइक असला तरी मी तिथं सामान्य खेळाडू आहे. म्हणून सुरुवातीला तो तसा बॉल सोडून द्यायचा आणि आपल्या जागेवरच्या बॉलची वाट बघायचा.

गेममध्ये हेच करायचं. झोनच्या सगळ्या कोपऱ्यांची राखण करायची नाही. एक जागा ठरवायची, समजा मध्यभाग आणि आतली बाजू. तिथं फास्टबॉल आला तरच मारायचा. नव्या आवृत्त्यांमध्ये उजव्या स्टिकनं पीसीआयची खूण आधीच एखाद्या बाजूला बसवण्याची सोयही आहे. तिचा उपयोग याचसाठी.

काउंट बघून खेळा

वाट कधी बघायची आणि कधी नाही, हे काउंट सांगतो. काउंटमध्ये आधी बॉल आणि मग स्ट्राइक मोजतात. 2-0 किंवा 3-1 असेल तर पिचर अडचणीत आहे. त्याला स्ट्राइक टाकायलाच हवा, आणि बहुतेक पिचर त्यासाठी फास्टबॉलवर भरवसा ठेवतात. इथं आपल्या जागेवरचा फास्टबॉल मिळाला तर पूर्ण ताकदीनं मारा.

0-2 असेल तर उलटी स्थिती. पिचरकडे फुकट घालवायला बॉल आहेत. तो झोनमध्ये येतोय असं भासवून बाहेर पळणारा स्लायडर टाकेल किंवा जमिनीकडे घसरणारा कर्व्हबॉल. इथं जागा थोडी मोठी करावी लागते, पण जमिनीकडे जाणाऱ्या बॉलच्या नादी लागायचं नाही.

कोणता बॉल आहे हे ओळखायचं कसं? कर्व्हबॉल हातातून सुटल्यावर किंचित वर उसळल्यासारखा दिसतो आणि मग खाली येतो. स्लायडर सुरुवातीला फास्टबॉलसारखाच, शेवटी बाजूला सरकतो. फास्टबॉल सरळ रेषेत येतो. तयारी नेहमी फास्टबॉलची ठेवायची. हळू बॉलसाठी थांबता येतं, पण हळू बॉलची वाट बघत असताना फास्टबॉल आला तर वेळच उरत नाही.

प्रत्येक स्विंगनंतर गेम काही सांगत असतो

स्विंग झाल्यावर पडद्यावर माहिती येते. टायमिंग लवकर झालं की उशिरा, आणि खूण बॉलपासून किती लांब होती. नवे खेळाडू हे न बघताच पुढे जातात. खरं शिक्षण इथं आहे.

उजव्या हाताच्या बॅटरचे फटके सतत डावीकडे फाउल जात असतील तर बटण लवकर दाबलं जातंय. उजवीकडे जात असतील तर उशीर होतोय. बॉल सरळ वर उडून झेल जातोय, म्हणजे खूण बॉलच्या खाली राहिली. जमिनीवरून घरंगळतोय, म्हणजे खूण बॉलच्या वर होती. चार-पाच वेळा एकच चूक दिसली की ती सवय समजायची आणि तेवढीच दुरुस्त करायची.

सराव कसा करायचा?

गेममध्ये सरावाचा वेगळा विभाग आहे. तिथं पिचर, बॉलचा प्रकार आणि जागा निवडता येते. सरावाचा क्रम असा ठेवता येतो:

1. पहिले 20 बॉल एकही मारायचा नाही. प्रत्येक बॉलला फक्त 'स्ट्राइक' किंवा 'बॉल' असं तोंडानं म्हणायचं.
2. पुढे फक्त फास्टबॉल, तोही झोनमध्ये. टायमिंग बसेपर्यंत.
3. मग फास्टबॉलसोबत चेंजअप मिसळायचा.
4. शेवटी स्लायडर आणि कर्व्हबॉल. फक्त आपल्या जागेवरचा मारायचा.

काठिण्य पातळीबद्दल फार अभिमान बाळगायचा नाही. 'डायनॅमिक' पर्याय निवडला की तुम्ही सुधाराल तशी पातळी गेम स्वतः वाढवतो.

पैसे भरून बॅटिंग सुधारते का?

'डायमंड डायनेस्टी' या प्रकारात खेळाडूंची कार्डं गोळा करून संघ बनवतात. ती 'स्टब्स' नावाच्या गेममधल्या चलनानं मिळतात. स्टब्स खेळून कमावता येतात आणि खरे पैसे देऊनही घेता येतात. भारी कार्डामुळे खूण मोठी होते, फटका लांब जातो, हे खरं. पण जमिनीवर आपटणाऱ्या बॉलला बॅट फिरवण्यापासून कोणतंही कार्ड थांबवत नाही. नजर बसण्याआधी खर्च केलेला पैसा वाया जातो. विशेषतः घरातलं लहान मूल 'चांगला खेळाडू घेतला की जिंकेन' असं म्हणत असेल, तर आधी त्याला आठवडाभर सराव करू द्यावा.

शेवटचा मुद्दा अपेक्षेचा. 2023 च्या हंगामात मेजर लीगच्या सगळ्या बॅटरची मिळून सरासरी होती .248. कोट्यवधी डॉलर कमावणारे खेळाडूही चारपैकी सुमारे तीन वेळा हिटशिवाय परततात. कधी टायमिंग आणि खूण दोन्ही अचूक जुळतात, तरी बॉल थेट फिल्डरच्या हातात जातो. तेव्हा कंट्रोलर आपटायचं कारण नाही. बॉल चांगला निवडला होता आणि नीट मारला होता, तर बॅटिंग बरोबरच झाली. पुढच्या वेळी तोच फटका दोन फिल्डरच्या मधून जाईल.