वंशावळीत आत्याचे नाव



एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया, हुमणी नाहीतर पाचट यांवर लिहितो. आजचा विषय निराळा असला, तरी तोही शेतीचाच आहे.

गेल्या वर्षी ठिबकच्या कर्जासाठी आत्याचे हक्कसोडपत्र हवे होते. सातबाऱ्यावर तिचे नाव ‘इतर हक्कात’ होते. आत्या मुलुंडला असते. लग्न होऊन ती तिकडे गेली. यजमान आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात होते. आता वय चौऱ्याऐंशी. कागद पुढे ठेवला तर म्हणाली, “सही करीन रे, पण आपल्यातलं कालव्यावर पहिलं कोण आलं, ते आधी सांग.”

मला सांगता येईना. परत येऊन शोध घ्यायला बसलो.

आमचे घराणे माळ्यांचे, मूळ सासवडकडचे. १८७६-७८ चा दुष्काळ पडून गेल्यावर नीरेचा डावा कालवा झाला आणि १८८५ साली पाणी सुटले. सासवडचे माळी बागायतीत मुरलेले. त्यांनी बारामतीकडे येऊन खंडाने जमिनी धरल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. पुढे त्यांच्यातलेच लोक गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेले, आणि १९३२ साली माळीनगरला सासवड माळी साखर कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास अमेरिकेतही शेतकरी पश्चिमेच्या पडीक मुलखात जात होते. १८६२ च्या कायद्याने त्यांना १६० एकर मिळत. अट अशी की पाच वर्षे राहून जमीन कसायची. त्यांचे वंशज आज त्या अर्जांवरून आपले मूळ काढतात. आपला माणूस मात्र खंडकरी, त्यामुळे मालकाच्या रकान्यात त्याचे नाव सापडत नाही.

मग शोधायचे कुठे? नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या नामावळीत दहनापासून श्राद्धापर्यंत आलेल्यांची नावे असतात. तिथे खापरपणजोबांचे नाव गावासकट मिळाले. घरच्या पेटीत खंडाचा एक मोडी कागद निघाला. तो जाणकाराकडून वाचून घेतला. राहिले फेरफार. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज टाकला. काही जिल्ह्यांतले जुने फेरफार आता संगणकावरही पाहायला मिळतात.

१९१९ च्या एका फेरफाराशी मी थांबलो. आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पणजोबा गेले होते. वारस म्हणून आजोबांचे नाव, वय नऊ, आणि पुढे ‘अ. पा. क. आई’. म्हणजे अज्ञान पालनकर्ती माझी पणजी. मुलगा सज्ञान होईपर्यंत ऊस तिनेच राखला, गुऱ्हाळही तिनेच चालवले. आमच्या घरातल्या वंशावळीत मात्र तिचे नावच नव्हते. सगळे पुरुषच!

मुलुंडला जाऊन हे सांगितले. आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजीला पाहिलंय मी. बोटावर काकवी घेऊन गुळाचा पाक सांगायची. तिनं राखलेल्या जमिनीवरचं माझं नाव मी खोडू? कर्जाला संमतीची सही देते. हक्क सोडत नाही. ऊस तुम्हीच करा.”

खरे सांगायचे तर पहिल्यांदा राग आला. परतीच्या एसटीत तो उतरला. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. आपण मात्र साडीचोळी करून कागद पुढे सरकवतो. संमतीवर कर्ज झाले, आणि आत्याचे नाव कब्जेदार सदरी घेण्यासाठी अर्ज दिला आहे.

सभासदांना एवढेच सांगणे. कित्येक शेअर अजून मयत आजोबांच्या नावावर आहेत. वारसनोंद वेळेवर करा. नॉमिनी नेमला म्हणजे वारसांचा हक्क संपत नाही. घरात म्हातारे माणूस असेल तर या दिवाळीत त्याच्यापाशी बसून वंशावळ लिहून काढा. लेकी-सुनांची नावेही घाला. लागवडीची नोंद आपण चुकवत नाही. मग माणसांचीच का चुकवावी?