कैलासाची वाट : मोजावे ते काय?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कैलासाचे एखादे चित्र असेल. निळे आकाश, पुढे सरोवर आणि मागे बर्फाच्छादित शिवलिंगासारखा तो पर्वत. पण हा पर्वत कोणत्या देशात आहे, असे कोणी एकदम विचारले तर आपण क्षणभर घुटमळतो. हिमालय म्हणजे आपला, आणि कैलास म्हणजे हिमालयातला, एवढा हिशोब मनात पक्का बसलेला असतो. वस्तुस्थिती अशी की कैलास आणि मानस सरोवर ही दोन्ही हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे, पश्चिम तिबेटात आहेत आणि आजच्या राजकीय नकाशाप्रमाणे ती चीनच्या हद्दीत येतात. शंकराच्या दारी जावयाचे, तर पासपोर्ट लागतो.

कैलासाचे माहात्म्य सांगण्यास आमच्याहून अधिकारी माणसे आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते वाटेविषयी. कारण गेली काही वर्षे आमच्याकडे लोक येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर्वांत जवळचा मार्ग कोणता?" आणि या प्रश्नातच खरी चूक दडलेली आहे, असे आमचे मत अनुभवाने बनले आहे.

प्रथम जागा नीट समजून घेऊ. कैलासाची उंची ६,६३८ मीटर, म्हणजे सुमारे पावणेबावीस हजार फूट. हिमालयातील मोठ्या शिखरांच्या मानाने ही उंची फार नव्हे. पण भोवतीच्या पठारावर तो एकटा उभा असल्याने डोळ्यांत भरतो. त्याच्या दक्षिणेस मानस सरोवर, सुमारे ४,५९० मीटर उंचीवर, आणि त्याला लागून किंचित खाली राक्षसताल. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि घाघरेला जन्म देणारी कर्णाली या चार मोठ्या नद्यांची उगमस्थाने याच टापूत आहेत. हिंदूंना हे शिवाचे स्थान, जैनांना अष्टापद, बौद्धांना कांग रिंपोछे. आणि तिबेटचा जो प्राचीन बोन धर्म, त्याचे अनुयायीही येथे प्रदक्षिणा घालतात, मात्र उलट दिशेने. आपण उजवीकडे वळतो तेथे समोरून ते येत असतात आणि हसून वाट देतात.

आता वाटा. सरहद्द आजच्यासारखी कडेकोट नव्हती, तेव्हा तिबेटात शिरणाऱ्या वाटा पुष्कळ होत्या. स्वामी प्रणवानंदांनी या प्रदेशात वर्षानुवर्षे फिरून १९४९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या मार्गांची टप्प्याटप्प्याने नोंद आहे. मीठ, लोकर आणि धान्य घेऊन जाणारे भोटिया व्यापारी ज्या खिंडींनी जात, त्याच खिंडींनी यात्रेकरूही जात. व्यापाऱ्यांच्या पाठीमागून देव गाठावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीतच आहे. पुढे १९५४ साली भारत आणि चीन यांच्यात जो करार झाला, आणि जो पंचशील तत्त्वांमुळे अधिक लक्षात राहिला, त्यात व्यापारी व यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नावानिशी नमूद होत्या : शिपकी, माणा, निती, कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. त्याची मुदत आठ वर्षांची होती. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी काय झाले ते येथे सांगावयास नको. वाट बंद झाली ती जवळजवळ वीस वर्षे. १९८१ साली ती पुन्हा उघडली, पण सहांपैकी एकच, लिपुलेख. दुसरी वाट मिळाली ती २०१५ साली, सिक्कीममधील नाथू ला. ही मात्र जुन्या सहांत नव्हतीच.

म्हणजे आज सरकारी यात्रेच्या वाटा दोन. त्याखेरीज खाजगी प्रवासाच्या वाटा नेपाळमधून, आणि फार थोड्यांना परवडणारी तिसरी ल्हासामार्गे. या चारपाच पर्यायांतून निवड करताना लोक नकाशावर पट्टी ठेवतात. पट्टी ठेवून पाहिले, तर लिपुलेख सर्वांत जवळ. खिंड ओलांडली की तिबेटातले तकलाकोट, आणि तेथून मानस मोटारीने काही तासांवर. नाथू लाच्या वाटेने गेले, तर तिबेटात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर बसने तोडावे लागते. मग नाथू लाने कोणी का जावे?

याचे उत्तर पट्टीत नाही, हवेत आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तो साडेपाच हजार मीटरांवर निम्म्याच्या आसपास उरतो. कैलासाच्या परिक्रमेत ओलांडावी लागणारी डोल्मा खिंड ५,६३० मीटरांवर आहे. तेथे प्रत्येक श्वासाबरोबर आपल्याला येथल्या निम्माच प्राणवायू मिळतो. शरीर याची सवय करून घेऊ शकते. श्वास जलद होतो, पुढे रक्तातले तांबडे कणही वाढतात. पण त्याला दिवस लागतात. घाईने वर गेलेल्या माणसाचे डोके दुखते, अन्न नकोसे होते, झोप उडते. एवढ्यावर थांबले तर ठीक. पुढच्या पायरीत फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागते. बसल्या जागी धाप लागते, किंवा चालताना माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो. मग एकच उपाय : ताबडतोब खाली उतरणे. त्या वेळी "एवढे आलोच आहोत, दर्शन घेऊन मग उतरू" असे म्हणणारा नातेवाईक हा रुग्णाचा सर्वांत मोठा शत्रू असतो.

डॉक्टरमंडळींनी यासाठी घालून दिलेला नियम सोपा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर, रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपले तर चालते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या सह्याद्रीत कितीही भटकलेला गडी असला, तरी या हवेचा सराव त्याला येथे मिळणे शक्य नाही. पायांना बळ येईल, रक्ताला नव्हे.

हा नियम हाती घेऊन वाटा पुन्हा पाहू.

आम्ही २०१२ साली लिपुलेखने गेलो. तेव्हा धारचुलापुढे थोडे वाहन, आणि मग पायी. सिरखा, गाला, बुधी, गुंजी असे मुक्काम पडत. गालाहून उतरताना ४,४४४ पायऱ्यांचा प्रसिद्ध उतार लागे. गुडघे बोलू लागत. कालीचा घोष कानांत, एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. तेव्हा आम्ही त्या वाटेला मनात पुष्कळ नावे ठेवली. पण धारचुला नऊशे मीटरांवर आणि गुंजी ३,२०० वर. मधले ते चार मुक्काम म्हणजे शरीराला दिलेली सवलत होती, हे फार उशिरा ध्यानात आले. मे २०२० मध्ये धारचुलापासून लिपुलेखच्या दिशेने मोटाररस्त्याचे उद्घाटन झाले. आता धारचुलाहून निघालेला माणूस त्याच दिवशी गुंजीत पोचू शकतो. गुडघे वाचले, पण चार दिवसांची चढण एका दिवसात आली. म्हणूनच २०२५ च्या यात्रेत गुंजीस आणि पुढे नाभीढांग येथे मुक्काम लांबवून ठेवले होते. ते दिवस "फुकट गेले" असे म्हणून कुरकुरणारे यात्रेकरू असतात. तेच दिवस यात्रेतले सर्वांत कामाचे, असे आम्ही त्यांना सांगतो.

नाथू लाची वाट या दृष्टीने निराळी. गंगटोक साधारण १,६५० मीटर, खिंड ४,३१०. मध्ये पंधरा मैल आणि शेराथांग येथे सवयीसाठी मुक्काम असतात. खिंडीपलीकडे चुंबी खोऱ्यात उतरून मग पठारावर लांबचा प्रवास. कंटाळवाणा खरा, पण त्या उंचीवर झोपावयास मिळालेल्या रात्री जमा होत जातात. ज्यांना चढ चालवत नाही, त्यांना ही वाट सोयीची. मात्र परिक्रमा कोणत्याही वाटेने गेले तरी चुकत नाही. ती सुमारे ५२ किलोमीटरांची, आपले लोक तीन दिवसांत करतात. तिबेटी माणसे पहाटे निघून रात्री परततात, पण त्यांचे रक्तच तेथले.

नेपाळची वाट जाहिरातींत सर्वांत सुलभ दिसते, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. एक फाटा काठमांडूहून रसुवागढीमार्गे केरुंगला जातो. केरुंग सुमारे २,८०० मीटर. पुढचा नेहमीचा मुक्काम सागा, ४,४०० च्या वर. एका दिवसात सोळाशे मीटर! पाचशेच्या नियमाशेजारी हा आकडा ठेवून पाहा. केरुंगला किमान दोन रात्री ठेवणार का, हा प्रश्न प्रवासी कंपनीला पैसे भरण्यापूर्वी विचारावा. दुसरा फाटा नेपाळगंजहून. तेथून लहान विमानाने सिमीकोट, तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा, आणि नदी ओलांडली की तिबेट. नेपाळगंज दीडशे मीटरांवर, तकलाकोट ३,९०० च्या आसपास. हवा चांगली असली तर हे अंतर दोन दिवसांत कापता येते. यातले सुख ते हेच आणि भय तेही हेच. हवा वाईट असली, तर निराळा प्रकार होतो. जुलै २०१८ मध्ये पावसाने उड्डाणे थांबली, तेव्हा हजारांहून अधिक भारतीय यात्रेकरू सिमीकोट, हिल्सा या ठिकाणी अडकून पडले होते.

येथे ऋतूचा पेच ध्यानात घ्यावा. तिबेटचे पठार पर्जन्यछायेत आहे. तेथे जून ते सप्टेंबर हा बरा काळ. पण तेथे पोचण्याच्या बहुतेक वाटा हिमालयाच्या दक्षिण उतारावरून जातात, आणि नेमक्या याच महिन्यांत तेथे मोसमी पाऊस कोसळत असतो. ऑगस्ट १९९८ मध्ये लिपुलेखच्या वाटेवर मालपा येथे रात्री दरड कोसळली. दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत साठ यात्रेकरू होते. जुलै २०२५ मध्ये भोटेकोशीला आलेल्या पुराने रसुवागढीचा सरहद्दीवरचा पूल वाहून नेला. त्यापूर्वी २०१५ च्या भूकंपाने कोदारीची वाट बंद पाडली होती. निसर्गाने सोडले, तर राजकारण धरते : २०१७ साली डोकलामच्या तणावात नाथू लाची यात्रा थांबली, २०२० पासून महामारी आणि सरहद्दीवरील संघर्ष यांमुळे सरकारी यात्रा पाच वर्षे झालीच नाही. लिपुलेखच्या प्रदेशावर नेपाळचाही दावा आहे. म्हणून आमचा आग्रह असा की वाट एक ठरवावी, पण परतीच्या तारखेस लागून घरचे कोणतेही लग्नकार्य ठेवू नये. आठदहा दिवस मोकळे असावेत.

२०२५ च्या जूनमध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली. परराष्ट्र मंत्रालयाने ७५० जणांची निवड संगणकाच्या सोडतीने केली. लिपुलेखने पाच तुकड्या, नाथू लाने दहा, प्रत्येकी पन्नासांच्या. वय १८ ते ७० आणि उंचीच्या मानाने वजन बेताचे, ही अट आहे. निवड झाली म्हणजे जाणे झाले असे नव्हे. दिल्लीस वैद्यकीय तपासणी होते आणि वर चढल्यावर पुन्हा होते. भरावयाच्या कागदांत एक संमतिपत्र असते : यात्रेत मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार चिनी हद्दीतच करण्यास आपली हरकत नाही. ते घरी सर्वांसमोर वाचून मग सही करावी. खाजगी वाटेने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तेथे व्हिसा बहुधा गटाचा असतो, साऱ्यांची नावे एकाच कागदावर. एकाला आजारी पडून एकट्याने परतावे लागले, तर ती व्यवस्था सहज होत नाही. आपल्याबरोबर कोण आहे, हे पाहूनच गट निवडावा.

वरच्या तपासणीवरून आठवले. आमच्या तुकडीत विदर्भातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी होत्या. दहा वर्षे त्यांनी या यात्रेसाठी पैसे साठवले होते. खरे वेड गुरुजींना. बाई त्यांच्या पथ्यपाण्यासाठी म्हणून अर्ज भरून आलेल्या. गुंजीस तपासणी झाली आणि गुरुजींचा रक्तदाब फार वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला, आकडा तोच. खाली जावे लागेल, असे सांगण्यात आले. बाई पिशव्या बांधू लागल्या. गुरुजींनी त्या सोडावयास लावल्या. "तू जा," ते म्हणाले. "अहो, पण मला त्यातले काय कळते?" "चालता येते ना? झाले तर मग."

रात्री दोन वाजता आम्ही नाभीढांगहून लिपुलेखकडे निघालो, तेव्हा बाई रांगेत मध्यभागी होत्या आणि कोणाशीही बोलत नव्हत्या. डोल्मा खिंडीत त्यांना आमच्यापेक्षा कमी धाप लागली. आम्ही परतलो, तेव्हा धारचुलात गुरुजी दहाबारा दिवस एका लहानशा खोलीत वाट पाहत राहिलेले होते. बाईंनी मानसचे पाणी भरलेला डबा त्यांच्या हाती दिला आणि आधी विचारले, गोळ्या वेळेवर घेतल्या का?