कारखाना बंद, पण गोळी चालू हवी

परवा सायंकाळी वाघोलीच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आतले. एका साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामगार. पट्टा लवकर पडल्यामुळे मुलाकडे येऊन राहिलेले. डोके दुखते, चक्कर येते, एवढीच तक्रार. रक्तदाब पाहिला तर 190/110! गोळ्या घेता का, असे विचारले. म्हणाले, "चार वर्षं घेत होतो डॉक्टर, पट्टा पडला तशा बंद केल्या. पगार नाही तर गोळी कुठली? आणि आता काम नाही, मग बी.पी. वाढेल कशाला?"

पहिले कारण पैशाचे होते, दुसरे गैरसमजाचे. पहिल्याला माझ्यापाशी अर्धेच उत्तर आहे.

ऊस तोडला की त्यातील साखर उतरू लागते. तो धान्यासारखा साठवता येत नाही, म्हणून गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाच्या उपलब्धतेपर्यंतच चालते. पाऊस दगा देतो त्या वर्षी ऊस वाळतो, चाऱ्याला जातो, आणि कारखान्याची गव्हाण लवकर रिकामी पडते. 2015 च्या दुष्काळानंतर असेच झाले. 2015-16 मध्ये राज्यात सुमारे 84 लाख टन साखर झाली होती, ती 2016-17 मध्ये 42 लाखांच्या आसपास आली. त्याआधी 2003 ते 2005 मध्ये अवर्षण आणि लोकरी मावा अशी दुहेरी आपत्ती आली होती. शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण महिना-दोन महिने आधी घरी बसलेल्या कामगाराची नोंद क्वचितच होते. शिवाय राज्य विमा योजनेच्या 1948 च्या कायद्यातून हंगामी कारखाने पहिल्यापासून वगळलेले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते वगळलेलेच आहेत. म्हणजे औषधाचा खर्च खिशातूनच.

आता गैरसमजाकडे वळू. रक्तदाब केवळ कष्टाने वाढत नाही. रक्तवाहिन्या कडक होणे, मीठ, तंबाखू, आनुवंशिकता ही कारणे काम थांबले तरी शरीरात तशीच राहतात. उलट उधारी, मुलांची फी, रात्री न लागणारी झोप यांनी तो आणखी चढतो. तो बहुधा दुखत नाही, हीच खरी पंचाईत. गोळी सोडल्यावर काही दिवस बरे वाटते आणि माणूस म्हणतो, बघा, काही झाले नाही. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या तर अचानक थांबवणे हृदयाला धोक्याचे असते.

मधुमेहाचे गणित निराळे आहे. पाळीत उभे राहून, ओझी उचलून साखर खर्ची पडते. घरी बसल्यावर भाकरी तेवढीच, चहा दुप्पट, खर्च मात्र नाही. म्हणून बंद हंगामात रोज पाऊण तास चालावे आणि महिन्यातून एकदा तपासणी करावी. पुढे गाळप सुरू झाले की उलटा धोका असतो. रात्रपाळीत जेवण लांबले तर औषधामुळे साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. (साखरेच्या पोत्यांशेजारी साखर उतरून पडलेला कामगार मी पाहिला आहे.) म्हणून कामावर जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.

पैशाच्या प्रश्नाचे माझे अर्धे उत्तर असे. पट्टा पडण्याआधीच जुनी चिठ्ठी घेऊन गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. बाहेरून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे. जन औषधी दुकानात तेच बरेच स्वस्त पडते. मन फारच खचले, दारू वाढली, नको नको ते विचार येऊ लागले, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. घरच्यांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनी पुन्हा आले. दाब 150/94 होता. उतरत होता, पण अजून पुरेसा नाही. बरोबर त्यांनी मिल विभागातला एक सहकारी आणला होता. त्याचीही गोळी बंदच होती. त्याला आधी पाच मिनिटे खुर्चीवर शांत बसवले, मग दंडाला पट्टा बांधला.