नारूची साखळी घानाने कशी तोडली?

नारू हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांनी क्वचितच ऐकला असेल. त्यांच्या आजी-आजोबांना मात्र तो ठाऊक असण्याची शक्यता आहे, कारण पायविहिरीचे पाणी पिणाऱ्या महाराष्ट्रातील गावांतही हा रोग होता. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाला ते प्रमाणपत्र जानेवारी २०१५ मध्ये मिळाले. १९८९ साली तेथे सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण मोजले गेले होते.

नारूवर लस नाही, कृमी मारणारे औषध नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असेही नाही. आम्ही प्रयोगशाळेतील माणसे औषधावर फार भिस्त ठेवतो. मग औषधाशिवाय हा रोग हटला कसा? उत्तर कृमीच्या जीवनचक्रात आहे.

तळ्याच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा कवचधारी जीव असतो. नारूच्या अळ्या त्याच्या शरीरात वाढतात. असे पाणी प्यायल्यावर सायक्लॉप्स जठरात मरतो, अळ्या मोकळ्या होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. वर्षभरात मादी शेवईएवढी जाड आणि हातभर किंवा त्याहूनही लांब होते. मग बहुधा पायावर फोड येतो. त्याची आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो. मादीला नेमके तेच हवे असते. ती लाखो अळ्या पाण्यात सोडते.

म्हणजे आजची जखम गेल्या वर्षीच्या पाण्याची असते. हा संबंध गावकऱ्यांना कसा जाणवावा? म्हणून काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी भरून त्यातले हलणारे जीव दाखवावे लागत. (आपल्या वर्गातही साधे भिंग घेऊन तळ्यातला सायक्लॉप्स पाहता येईल.) जिवाणू कापडाने गाळले जात नाहीत, पण सायक्लॉप्स बारीक विणीच्या कापडावर अडकतो. पाणी गाळणे, रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, तळ्यात सायक्लॉप्स मारणारे टेमिफॉस टाकणे आणि बोअरिंग खणणे, एवढीच शस्त्रे होती. बाहेर डोकावणारा कृमी काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढायचा, तोही न तोडता. त्यात कित्येक आठवडे जात. रुग्ण शेतकरी असला तर त्याचा हंगाम बुडे आणि त्याचे काम करायला मुले शाळेतून काढली जात.

आकडे प्रथम झपाट्याने उतरले आणि मग वर्षानुवर्षे अडून बसले. १९९४ मध्ये देशाच्या उत्तर भागात जमातींमधील संघर्ष पेटला व काम विस्कळीत झाले. पुढे २००६-०७ मध्ये सावेलुगु या गावात मोठी साथ आली. तेथील नळाचा पुरवठा कोलमडलेला होता. आमच्या मते या मोहिमेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. लोकांना गाळण्याचे शिक्षण दिले होते, पण एका रुग्णाने पाय बुडवलेला तलाव साऱ्या गावाला पुरून उरतो. त्यानंतर रुग्ण शोधून काढण्यावर व पाणवठ्यांवर लक्ष ठेवण्यावर जोर दिला गेला. मे २०१० मध्ये शेवटचा रुग्ण आढळला. पुढेही प्रत्येक अफवेची चौकशी होत राहिली, कारण सलग तीन वर्षे एकही रुग्ण नसल्याचे दाखवावे लागते.

खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, २०१८ मध्ये आणि निद्रारोग २०२३ मध्ये घानात सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही. नदीकाठचे अंधत्व मात्र चिवट आहे. त्याचा कृमी पसरवणारी काळी माशी वाहत्या पाण्यात वाढते, म्हणजे पाणी गाळून तिचे काही बिघडत नाही. आयव्हरमेक्टिन हे औषध कृमीची पिल्ले मारते, पण प्रौढ मादी दहा वर्षांहून अधिक जगते व पिल्ले घालीत राहते. म्हणून ज्याला काहीही होत नाही अशा गावकऱ्यालाही दरवर्षी गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्याला त्या का घ्यायच्या हे दरवर्षी नव्याने पटवावे लागते.