स्वस्त डिजिटल मिक्सर बनवणं इतकं अवघड का आहे?

दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये आज आठ कोअरचा प्रोसेसर मिळतो. मग १६-१८ चॅनलचा डिजिटल मिक्सर अजूनही त्याच्या कितीतरी पट महाग का? आणि एखादी नवीन कंपनी येऊन जिओसारखा धमाका का करत नाही? मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला आधी वाटायचं की सगळा प्रश्न कोडचा असेल. पण थोडं खोलात गेलं की कळतं, कोड हा त्यातला एक तुकडा आहे. बाकीचा खेळ धंद्याचा आहे.

(मिक्सर म्हणजे चटणीचा नाही! ऑर्केस्ट्रा, कीर्तन किंवा नाटकात साउंडवाल्यासमोर असतो तो.)

डिजिटल मिक्सर काय करतो?

माइकमधून येणारा सिग्नल फार कमजोर असतो, काही मिलिव्होल्टचा. प्रीअँप तो वाढवतो. मग कन्व्हर्टर त्याचे सेकंदाला ४८,००० आकडे बनवतो. पुढे इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब हे सगळं म्हणजे या आकड्यांवरचं गणित. शेवटी आकड्यांचा पुन्हा आवाज होतो.

गणित किती? ३२ चॅनल आणि प्रत्येकाला चार बँडचा इक्वलायझर धरला, तर फक्त तेवढ्यासाठी सेकंदाला साधारण ३ कोटी गुणाकार लागतात. ऐकायला मोठं वाटतं, पण तुमच्या फोनसाठी ते किरकोळ आहे.

मग अडतं कुठे? वेळेवर!

व्हिडिओ बघताना फोन काही सेकंदांचा डेटा आधीच साठवून ठेवतो. मध्ये अडखळलं तरी तुम्हाला कळत नाही. मिक्सरला ही चैन नाही. गायकाला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये लगेच ऐकू यायला हवा.

समजा मिक्सर ६४-६४ आकड्यांचे गठ्ठे घेऊन काम करतो. म्हणजे एका गठ्ठ्याला १.३३ मिलिसेकंद मिळतात आणि सेकंदाला ७५० गठ्ठे होतात. तीन तासांच्या कार्यक्रमात ८१ लाख! यातले ९९.९९ टक्के वेळेवर झाले, तरी ८१० वेळा स्पीकरमधून 'टक्' आवाज येईल. आपल्या ॲपसाठी ९९.९९ टक्के म्हणजे पार्टी करण्यासारखा आकडा. मिक्सरसाठी तो नापास. म्हणून वेगळी डीएसपी चिप, वेगळं सॉफ्टवेअर आणि महिनोन्‌महिने टेस्टिंग लागतं.

समोर उभा आहे पहिलवान

या बाजारात सगळ्यात मोठं नाव बेहरिंगर. या ग्रुपने २००९ मध्ये मायडास ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. मोठ्या कॉन्सर्टच्या मिक्सरमध्ये मायडासचं नाव आदराने घेतलं जातं. मग २०१२ मध्ये बेहरिंगरचा एक्स३२ आला: मायडासने डिझाइन केलेले ३२ प्रीअँप, स्वतःहून सरकणारे २५ फेडर, आणि किंमत तेव्हाच्या इतर डिजिटल मिक्सरच्या मानाने खूपच कमी. वर चीनमधल्या झोंगशानला स्वतःचा कारखाना.

आता एक अंदाजी हिशोब करू. १० इंजिनिअर, २ वर्षं, प्रत्येकाचा वर्षाला १५ लाख खर्च. झाले ३ कोटी. तुम्ही १,००० मिक्सर विकले तर प्रत्येकावर ३०,००० रुपयांचा बोजा फक्त डिझाइनचा. समोरच्याने ५०,००० विकले तर त्याचा बोजा ६०० रुपये. सुटे भाग तोच घाऊक भावात घेणार, तुम्ही चढ्या भावात. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तुम्ही मागे.

दोरी दुसऱ्याच्या हातात

मॅकी कंपनीने २०१२ मध्ये डीएल१६०८ आणला. कल्पना भारी होती: आयपॅड थेट मिक्सरमध्ये सरकवायचा, तोच स्क्रीन. पण त्यात ॲपलचा जुना ३० पिनचा कनेक्टर होता आणि त्याच वर्षी ॲपलने लाइटनिंग कनेक्टर आणला. मॅकीला पुढे लाइटनिंगवाली आवृत्ती काढावी लागली. फोन-टॅबलेट आपण तीन-चार वर्षांत बदलतो, मिक्सर मात्र दहा वर्षं वापरतो. हे गणित कायम डोकं खातं. साउंडक्राफ्टच्या यूआय मालिकेने त्यावर सोपा उपाय काढला: ॲपच नको, कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये मिक्सर उघडा.

चिप्सचंही तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या कारखान्याला आग लागली. जगभरातल्या ऑडिओ कंपन्या त्यांचे कन्व्हर्टर वापरत होत्या. अनेकांना दुसरी चिप शोधून सर्किट नव्याने आखावं लागलं. मोठी कंपनी असा धक्का पचवते. एकच प्रॉडक्ट असलेली छोटी कंपनी मात्र यात संपू शकते.

गर्दीतलं वाय-फाय

बजेट मिक्सरमध्ये फेडर काढून टाकतात आणि कंट्रोल टॅबलेटवर देतात. पैसे वाचतात. पण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. दोन हजार लोक खिशात फोन घेऊन मांडवात आले की कनेक्शन डळमळतं. आवाज वाय-फायवरून जात नाही, त्यामुळे कार्यक्रम बंद पडत नाही. पण माइक शिटी मारायला लागला आणि तुमचा टॅबलेट तेव्हाच डिस्कनेक्ट झाला, तर? म्हणून जाणकार साउंडवाले वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर लावतात. हा खर्च किमतीच्या पाटीवर दिसत नाही.

शेवटी विश्वास

ॲप क्रॅश झालं तर आपण अपडेट टाकतो. लग्नाच्या संगीतात मिक्सर बंद पडला तर साउंडवाल्याचं पेमेंट अडकतं आणि पुढची सुपारीही जाते. त्यामुळे दहा हजार वाचवायला तो अनोळखी ब्रँड घेत नाही. मोठे कलाकार तर आधीच यादी पाठवतात की अमुकच मिक्सर हवा. नवीन कंपनीला चांगली मशीन बनवून भागत नाही. गावोगावी सर्व्हिस, सुटे भाग आणि दहा वर्षं अपडेट देण्याची तयारी लागते.

मग नवीन कंपनीने येऊच नये का?

यावं, पण ३२ चॅनलच्या आखाड्यात नाही. माझ्या मते जागा खाली आहे: भजनी मंडळ, छोटी नाट्यसंस्था, शाळेचा हॉल. आठ चॅनल, ब्राउझरवर कंट्रोल, मराठी मेनू, पखवाज आणि हार्मोनियमसाठी तयार सेटिंग. आणि वाय-फाय गेलंच तर हाताशी मुख्य आवाजाचं एक खरंखुरं बटण.

तुम्ही स्वतः घेणार असाल तर दुकानदाराला तीन प्रश्न नक्की विचारा. टॅबलेट बंद पडला तर आवाज कसा कमी करायचा? शेवटचं अपडेट कधी आलं? आणि दुरुस्ती कुठे होते, किती दिवसांत? तिन्हीची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर ऑफर कितीही भारी असो, पैसे खिशातच ठेवा.