आकाश पंचांगवाल्यांच्या स्वाधीन का?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा, म्हणजे पंचांगातून वर्षफल ऐकण्याचा दिवस. त्याच सायंकाळी सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. कोणत्या पंचांगात ते लिहिले होते? चीनने २०२१ साली सोडलेल्या अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असा अंदाज पुढे खगोलतज्ज्ञांनी वर्तवला. पण त्या रात्री गावकऱ्यांनी विचारायचे कोणाला? म्हणून आम्ही लोकांच्या वेधशाळेचा प्रश्न मांडतो.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंची दुर्बीण, त्या काळी देशातील सर्वांत मोठी. प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरला घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली.

बंद पडलेली वेधशाळा पुन्हा उभी राहूच शकत नाही काय? राहते! उज्जैनची मोडकळीस आलेली वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त केली. आज ती सर्वांना खुली आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित समाजातील सात जणांना बांधून मारले गेले. दुर्बिणीने जादूटोण्याचे खूळ लगेच जाणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मार बसल्यावर धावून येतो, 'पुरावा काय?' हे विचारण्याची सवय त्याआधी लागावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद ५१ (अ) ने वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. मग त्याची साधने पुरवणे हे शासनाचे कर्तव्य नव्हे काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. पुण्याची वेधशाळा पुन्हा सुरू करा, पण जनतेसाठी. चंद्रपूर आणि गडचिरोलीला एकेक सार्वजनिक वेधशाळा द्या; जंगलातले काळेभोर आकाश शहरांना आता मिळत नाही. तेथे कायम पदे भरा आणि आश्रमशाळेच्या मुलांना मोफत प्रवेश द्या.

तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. मेच्या उत्तरार्धात एका दुपारी आपल्या जिल्ह्यांत सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. प्रत्येक वस्तीत त्या दिवशी काठी रोवा. मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.