पंखा, गव्हर्नर आणि राउथसाहेबांचा तक्ता

गडमुडशिंगीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना लागणारी ड्रॉइंग ते घरी बसून करून देतात. जुन्या मदरबोर्डवर त्यांनी रायझनचा जास्त कोअरचा प्रोसेसर बसवला. काम झपाट्याने होऊ लागलं, पण तेव्हापासून पंखा उगाचच भर्रकन सुटतो, दोन-चार सेकंदांत निवतो आणि पुन्हा सुटतो. दुकानदार म्हणतो, पाण्याचा कूलर बसवा. बसवावा का?

इतक्यात नको. आधी हा आजार कुठला ते पाहू. तो कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे आणि कोल्हापूरच्या कानाला तर चांगलाच ओळखीचा आहे. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी या शहरात इंजिनांच्या धंद्याचा पाया घातला. विहिरीवर, गुऱ्हाळावर ऑईल इंजिन धडधडायचं, तेव्हा त्याचा वेग सांभाळायला गव्हर्नर असे. ओझं वाढून वेग पडला की गव्हर्नरची फिरती वजनं आत येत आणि इंधन वाढे. वेग चढला की वजनं बाहेर फाकत आणि इंधन कमी होई. पण सांधा झिजला किंवा स्प्रिंग सैल पडली, की इंजिन एका लयीत चढायचं-उतरायचं. गावोगावचे मिस्त्री ऐकूनच सांगायचे, हंटिंग करतंय.

हा गव्हर्नर जेम्स वॅटच्या नावावर खपतो, पण शोध त्याचा नाही. पवनचक्क्यांत जात्याच्या दगडांमधलं अंतर राखायला तो आधीपासून होता. वॅटने १७८८ मध्ये तो वाफेच्या इंजिनाला जोडला. पुढची गंमत ग्रिनिचच्या वेधशाळेतली. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीण उलट दिशेने सावकाश फिरवत ठेवावी लागते. त्या यंत्राला बसवलेला गव्हर्नर वेग सांभाळायचं सोडून स्वतःच उधळायचा. राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८४० मध्ये त्यावर गणित मांडलं. यंत्र सुधारायला लावलेली वस्तूच ते बिघडवते, हे समीकरणांतून दाखवणारे बहुधा तेच पहिले.

१८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या प्रश्नाकडे वळला. गव्हर्नर कधी स्थिर राहील आणि कधी हेलकावे खाईल, याची अट त्याने साध्या यंत्रांपुरती काढली आणि गुंतागुंतीच्या यंत्रांचं काम गणितींवर सोपवलं. ते पुरं केलं एडवर्ड राउथने. इंजिनिअरिंगच्या मुलांना राउथ ठाऊक असतो तो परीक्षेतल्या तक्त्यापुरता. आकडे भरायचे, पहिल्या स्तंभात चिन्ह बदललं की यंत्रणा अस्थिर, पाच मार्क. पण १८५४ च्या केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत हा राउथ पहिला आला होता आणि मॅक्सवेल दुसरा. पुढे १८७७ मध्ये स्थिरतेवरच्या ग्रंथासाठी राउथला ॲडम्स पारितोषिक मिळालं. मॅक्सवेलचे पुतळे उभे राहिले, राउथच्या वाट्याला एक तक्ता आला. माझ्या मते हा हिशोब अजून चुकता व्हायचा आहे.

असो. कॉम्प्युटरचा पंखाही याच कुळातला. प्रोसेसरमधला सेन्सर तापमान सांगतो, मदरबोर्डवरची एक चिप ते वाचते आणि बायोसमध्ये आखलेल्या रेषेप्रमाणे पंख्याला वेग देते. मग गडमुडशिंगीचा पंखा हंटिंग करतोय का? ओळखायची युक्ती फुकटातली आहे. बायोसमध्ये जाऊन पंखा एकाच वेगावर बांधून टाका, समजा साठ टक्क्यांवर. मग नेहमीचं काम चालू ठेवून तापमान बघा.

बांधलेल्या पंख्यावर तापमान संथ झालं, तर ते खरं हंटिंग. पंख्याची रेषा फार उभी आखली गेली आहे. उदाहरणार्थ, ६० अंशाला चाळीस टक्के आणि ६५ ला थेट शंभर. पंखा सुटतो, तापमान पडतं, पंखा थांबतो, तापमान चढतं. ही एअरींचीच दुर्बीण. रेषा आडवी करा, काम झालं.

पण वेग बांधूनही तापमान उड्या मारत राहिलं, तर पंखा निर्दोष आहे. आणि नव्या प्रोसेसरवर बहुधा हेच निघतं. २०१९ पासूनच्या बहुतेक रायझनमध्ये कोअर ७ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक तंत्राने बनवलेले, म्हणजे उष्णता निघायला जागा नखाएवढीसुद्धा नाही. एखादा कोअर क्षणभर जागा होतो, पूर्ण वेगाने धावतो आणि झोपतो. तेवढ्यात सिलिकॉन दहा अंशांनी तापून निवतंसुद्धा. वरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला गरम व्हायला मात्र काही मिनिटं लागतात. त्या दोन सेकंदांच्या उडीमागे पंखा धावून काहीच साधत नाही. तो पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असतो, पदरात पडतो फक्त आवाज. तोही थोडाथोडका नाही. वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो आणि पंख्याला आठपट वीज लागते.

२०१९ मध्येच रायझन बनवणाऱ्या एएमडीने आणखी एक गोष्ट कबूल केली, ती मला भारी आवडते. तापमान दाखवणारी काही सॉफ्टवेअर इतक्या वेळा विचारणा करत होती, की झोपलेले कोअर उत्तर द्यायलाच जागे होत आणि तापत. ताप मोजणारा थर्मामीटरच ताप आणत होता.

यावर इलाज म्हणजे पंख्याला थोडं आळशी करणं. बायोसमध्ये वेग वाढवण्याआधी किती सेकंद थांबायचं याची सोय बहुतेक मदरबोर्डवर असते, नावं प्रत्येकाची निराळी. चार-पाच सेकंदांचा विलंब द्या. वेग वाढण्याचं आणि उतरण्याचं तापमानही तीन-चार अंशांनी वेगळं ठेवा.

प्रोसेसर बदलला असेल, तर आणखी दोन गोष्टी बघा. एक, नव्या प्रोसेसरसाठी बहुधा बायोस अद्ययावत करावं लागतं आणि त्यात तुम्ही कष्टाने आखलेली जुनी रेषा बहुतेक वेळा पुसली जाते. 'प्रोसेसर बदलला आणि पंखा बिघडला' या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. दुसरं, तापमानाचा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका. २०१७ चा रायझन १८००एक्स आपलं तापमान २० अंश चढवून सांगायचा, आणि तेही मुद्दाम! सगळ्या भावंडांनी पंख्याशी सारखं वागावं म्हणून एएमडीने ते ठरवलं होतं. साधा १७०० मात्र खरं बोलायचा. तो काढून १८००एक्स बसवणाऱ्याला पंखा पिसाळल्यासारखा वाटला, तर नवल नाही. उलट २०२२ च्या रायझन ७००० चे वरचे प्रोसेसर पूर्ण ओझ्याखाली ९५ अंशांपर्यंत जातात, ते तसे बनवलेच आहेत. ८० अंशाला शंभर टक्के अशी जुनी रेषा त्यांच्यावर लावली, की पंखा दिवसभर किंचाळणार.

पंखा सतत पूर्ण वेगानेच फिरत असेल, तर वायरी मोजा. चार असतील तर चौथी वेगाचा हुकूम (पीडब्ल्यूएम) नेते, सेकंदाला सुमारे २५ हजार ठोक्यांनी. माणसाला ऐकू येणाऱ्या टप्प्याच्या वरचा आकडा मुद्दाम निवडला आहे. ही वायर निसटली तर पंखा पूर्ण वेग धरतो. शहाणी रचना आहे, हुकूम आला नाही तर घर वाचवायचं. तीन वायरींच्या पंख्याला हा हुकूम कळतच नाही, त्याचा व्होल्टेज कमी-जास्त करावा लागतो. तेव्हा बायोसमध्ये पीडब्ल्यूएमऐवजी डीसी निवडा. आणि लिनक्स वापरत असाल, तर फॅनकंट्रोलच्या फाइलमध्ये सेन्सरचे जुने पत्ते राहून गेलेले असू शकतात. पीडब्ल्यूएमकॉन्फिग पुन्हा चालवा.

आता पाण्याचा कूलर. पंखा शंभर टक्क्यांवर बांधून अर्धा तास जड काम द्या. प्रोसेसर आपल्या कमाल मर्यादेला टेकून वेग कमी करू लागला, तर कूलर अपुरा आहे किंवा नीट बसलेला नाही. आधी कूलर काढून त्याच्या नि प्रोसेसरच्या मधली पेस्ट बघा, ठोकळ्याखालचं प्लास्टिकचं पारदर्शक पान तसंच राहिलंय का तेही बघा. हे चाचणीचं काम एप्रिलच्या दुपारी करा, डिसेंबरच्या पहाटे नको. हवेचा असो वा पाण्याचा, कूलर उष्णता शेवटी खोलीतच सोडतो. पत्र्याखालची खोली ३८ अंशांवर गेली, की ती थंडीतल्यापेक्षा जितके अंश तापली साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो. एवढं करूनही वेग पडत असेल, तर मोठा कूलर घ्या. हवेचा चालेल, त्यात गळायला काही नसतं.